कार्ड बसवणे

(पांढुर्णा येथे लेखक, शिक्षक व विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आयोजकांनी मला ‘सीमाभागातील लोकसाहित्याचे जतन’ असा विषय दिला आहे. पत्रिकेवरही तोच छापला आहे. तयारीला बसले तेव्हा माझ्या लक्षात आले, की जतन या शब्दावर मी आजवर चार-पाच ठिकाणी बोलले, एक लेखही लिहिला, आणि त्या सगळ्या काळात माझ्याजवळची ध्वनिमुद्रणे एकाच ड्राइव्हवर, एकाच प्रतीत, कपाटात साड्यांखाली पडून होती. म्हणून आज विषय तोच ठेवते, पण तत्त्वाचे काही बोलत नाही. संगणकाच्या पेटीत आठशे रुपयांचे एक कार्ड बसवले, त्याची हकीकत सांगते. मागे बसलेल्या विद्यार्थ्यांना ती बाळबोध वाटेल. त्यांनी हसायला हरकत नाही. माझ्या वयाच्या मराठीच्या प्राध्यापकांनी मात्र हसू नये, कारण त्यांच्यापैकी किती जणांच्या घरी असे कपाट आहे ते मला माहीत आहे.

१९९९ ते २००३ या काळात मी प्रबंधासाठी सौंसर आणि पांढुर्णा या दोन तहसिलींत फिरले. त्या वेळी दोन्ही छिंदवाडा जिल्ह्यात होत्या. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला आणि आता दोन्ही त्यात आहेत. खांद्यावर टेपरेकॉर्डर, पिशवीत कोऱ्या कॅसेटी आणि सेल. जात्यावरच्या ओव्या, भुलाबाईची गाणी, पोळ्याच्या झडत्या, महाशिवरात्रीला पचमढीकडे निघालेल्यांची महादेवाची गाणी, दंडारीतले संवाद, जे मिळेल ते भरून घेतले. १८७ कॅसेटी झाल्या. या भागात घरी पवारी, बाजारात मराठी आणि कचेरीत हिंदी बोलणारा माणूस एकाच दिवसात तीनदा भाषा बदलतो, आणि डोंगराकडे गेलात तर गोंडी-कोरकूही कानावर पडते. १९५६ ला राज्ये नव्याने आखली गेली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपण इकडे राहिलो. पण संत्र्याच्या बागांना आणि सोयरिकींना ती रेघ कधी दिसली नाही. माहेर वरूडकडचे आणि सासर मोहगावकडचे अशा बायका मला घरोघरी भेटल्या.

त्यांतली एक म्हातारी मला आजही समोर दिसते. माहेर पांढुर्ण्याच्या पश्चिमेला, सासर सौंसरकडे. मी गेले तेव्हा घरात जाते होते, पण दळण चक्कीवर जात असे. माझ्यासाठी म्हणून तिने जाते पुसून काढले. वरचा दगड खालच्यावर ठेवला, खुंट्याला धरून एक फेरा दिला, थांबली, दगड उचलून पुन्हा ठेवला. मी विचारले, काय झाले? ती म्हणाली, “बसलं नाही पोरी. आवाज आयक ना.” मला काही फरक कळला नव्हता. तिसऱ्यांदा ठेवल्यावर ती समाधानाने हसली आणि गाऊ लागली. मध्येच थांबून मला विचारले, “तुह्या डब्ब्यात माहा आवाज जाते कसा?” मी काहीतरी सांगितले. कॅसेटवर माझे उत्तरही आहे. ते चुकीचे आहे.

आता प्रबंधातली गोष्ट सांगते, कारण पुढचे सगळे तिच्यासाठी घडले. ही म्हातारी डोळ्याला ‘डोया’ म्हणत असे आणि शाळेला ‘शाया’. वऱ्हाडीचे हे वळण इथे बसलेल्या बहुतेकांना आईच्या दुधाबरोबर मिळाले आहे. मी मात्र ओव्या वहीत उतरवताना ‘डोळा’ लिहिले. एकदा नव्हे, सगळीकडे. कोणी सांगितले नव्हते. हात आपोआप शुद्धलेखनाकडे वळला. शिकलेल्या हाताची ती खोड आहे. पुढे त्याच वहीवरून मी प्रबंधाचे चौथे प्रकरण लिहिले आणि त्यात निष्कर्ष काढला, की या भागातील ओव्यांची भाषा प्रमाण मराठीच्या बरीच जवळ आहे. परीक्षकांनी त्या निष्कर्षाचे कौतुक केले. २००५ मध्ये पदवी मिळाली. म्हणजे मी जे स्वतः घातले होते, तेच मला सापडले आणि त्यावर मी डॉक्टर झाले. हे माझ्या ध्यानात यायला दहा-बारा वर्षे लागली, आणि ध्यानात आल्यावर पहिला विचार आला तो कॅसेटींचा. वही माझी होती, आवाज तिचा होता. चूक दुरुस्त करायची तर आवाजाकडेच जायला हवे होते.

कॅसेटी मी २०१२ पासून संगणकात उतरवू लागले होते. त्याची रीत साधी आहे. टेपरेकॉर्डरची वायर संगणकाच्या लाइन-इन मध्ये लावायची, कॅसेट चालू करायची आणि ती जितक्या वेळाची तितका वेळ शेजारी बसायचे. घाई चालत नाही; ९० मिनिटांच्या कॅसेटीला ९० मिनिटेच लागतात. सेकंदाला ४८ हजार नमुने आणि २४ बिट या मापाने एक तासाचा आवाज साधारण एक जीबी होतो. एमपी-थ्री केले तर जागा खूप वाचते, पण त्यात आवाजाचा काही भाग कायमचा टाकून दिला जातो, आणि ‘ळ’ की ‘य’ असा ज्याचा वाद आहे त्याने काहीही टाकून देऊ नये. १४६ कॅसेटी अशा उतरल्या. त्यात पोळ्याचे आणि दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीचे थोडे चित्रण, वह्यांच्या पानांचे फोटो, असे मिळून ६१० जीबी झाले. ते सगळे २०१३ मध्ये घेतलेल्या एका बाहेरच्या ड्राइव्हवर टाकले. संगणकातली मूळ हार्ड डिस्क पुढे दोन वर्षांनी गेली. त्या दिवसापासून ड्राइव्ह ही प्रत राहिली नाही, तीच मूळ झाली. मला ते कळले नाही. मी तिला ‘बॅकअप’च म्हणत राहिले.

पांढुर्णा जिल्हा झाला त्या हिवाळ्यात मला एक फोन आला. म्हातारीची नात बोलत होती. आजी जाऊन बरीच वर्षे झाली होती. नात म्हणाली, “मॅडम, आजीचं गाणं तुमच्याजवळ हाय म्हणतेत. देता का?” मी म्हटले, “देते की, कधीही ये.” फोन ठेवला, ड्राइव्ह काढला, संगणकाच्या पुढच्या पोर्टला लावला. आतून टक्, टक्, टक् असा आवाज आला आणि पडद्यावर काहीच उगवले नाही. पुन्हा लावला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा लावायला हात गेला तेव्हा सुदैवाने घरात माझा एक जुना विद्यार्थी होता. पांढुर्ण्याजवळच्या गावचा, घरी पवारी बोलणारा. मराठी साहित्य घेऊन बी.ए. झाला आणि आता संगणक दुरुस्तीवर पोट भरतो. त्याने माझा हात धरला. “मॅडम, असं घडीघडी नका लावू. मेला असन तर आणखी मरन.”

टक्-टक् आवाजाचे दोन अर्थ असू शकतात, हे त्याने मला सांगितले. एक, ड्राइव्हच खराब झाला. दुसरा, त्याला पुरेसा करंट मिळत नाही. आतली तबकडी फिरायला लागते आणि ताकद संपते, पुन्हा प्रयत्न करते, पुन्हा संपते. या छोट्या ड्राइव्हना वेगळी वीज लावायची सोय नसते, ज्या वायरीतून माहिती जाते तिच्यातूनच ते वीजही घेतात. माझा संगणक २०१० चा. त्याचे सगळे पोर्ट यूएसबी २.० चे, आणि त्या मापाने एका पोर्टने ५०० मिलिअँपिअर दिले की त्याचे कर्तव्य संपले. पुढचे पोर्ट तर पेटीच्या आत एका लांब बारीक वायरीने जोडलेले असतात, तेवढेही धड पोचत नाही. त्याने ड्राइव्ह मागच्या पोर्टला, आखूड वायरीने लावला. दोन-तीन सेकंद काही झाले नाही. मग तबकडी फिरल्याची बारीक घरघर ऐकू आली आणि पडद्यावर माझी फोल्डरे उगवली. मी खुर्चीवर बसले नव्हते, बसले.

“आता आधी कॉपी,” तो म्हणाला. नवा ड्राइव्ह आणला. आणि इथे सौंसरची वीज आडवी आली. यूएसबी २.० चा कागदावरचा वेग काहीही असो, प्रत्यक्षात सेकंदाला ३० एमबीच्या आसपास माहिती जाते. ६१० जीबीला साडेपाच तासांपेक्षा जास्त होतात, आणि नकल नीट झाली की नाही हे ताडून पाहायचे तर पुन्हा तितकेच. माझ्याकडचा यूएसबी ड्राइव्ह तेवढ्यात दोनदा अडखळून गायब होई, आणि गेलेल्या विजेला माझा जुना यूपीएस दहा मिनिटे पुरत असे. तीन रात्री प्रयत्न केला. तिन्ही वेळा अर्ध्यात तुटले. तुटलेली नकल जिथे थांबली तिथून पुढे नेणारे प्रोग्राम असतात, हेही मला नंतर कळले. पण दर वेळी त्या म्हाताऱ्या ड्राइव्हला पाच-सहा तास धावायला लावायचे हीच भीती मोठी होती.

तुम्ही विचाराल, नवा लॅपटॉप का नाही वापरला? मीही विचारले होते. एकदा नकल करून भागणार नव्हते. अजून ४१ कॅसेटी उतरायच्या होत्या. टेपरेकॉर्डर, त्याच्या वायरी, आवाजाची पातळी, सगळे या जुन्या संगणकाशी जुळवलेले होते. दर आठवड्याला इथूनच दोन ड्राइव्हवर नकल काढावी लागणार होती. विद्यार्थी म्हणाला, पेटी चांगली आहे, फक्त दार अरुंद आहे. आपण दार बदलू. संगणकाच्या मदरबोर्डवर रिकाम्या खाचा असतात, त्यांत कार्ड बसवून जे मुळात नव्हते ते जोडता येते. यूएसबी ३.० चे कार्ड बसवले की तोच ड्राइव्ह सेकंदाला १०० एमबीच्या पुढे जाईल. पावणेदोन तासांत काम होईल. त्या कार्डाला संगणकाच्या आतून थेट वीजही देता येते आणि एका पोर्टचे माप ९०० मिलिअँपिअर आहे.

मी लगबगीने बाजारात गेले आणि स्वतःच कार्ड घेऊन आले. दुकानदाराने विचारले होते, “मैडम, पोर्ट बढ़ाने हैं ना?” मी हो म्हटले. पोर्ट वाढले असते, वेग नाही. कार्ड यूएसबी २.० चेच होते. वर ते लांब पांढऱ्या खाचेचे, जुन्या पीसीआय जातीचे. आम्हाला हवे होते पीसीआय एक्सप्रेसचे, बोटाच्या दोन पेरांएवढ्या आखूड खाचेत बसणारे. नावे इतकी सारखी की शब्दांवर पोट भरणारी मीही फसले. ते ४०० रुपयांचे कार्ड अजून माझ्या टेबलावर कागद दाबायला आहे. दुसरे कार्ड विद्यार्थ्याने नागपूरहून मागवले. मागवताना त्याने तीन गोष्टी पाहिल्या: खाच कोणती, पेटीची उंची किती, म्हणजे मागची पत्र्याची पट्टी पूर्ण उंचीची हवी की आखूड, आणि कार्डावर वीज घेण्याची वेगळी जागा आहे की नाही. ही तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि घाईत हीच राहून जाते.

रविवारी सकाळी त्याने मला सांगितले, “मॅडम, मी सांगतो, बसवा तुम्ही.” मला ते थोडे उद्धट वाटले. आता वाटते की माझ्या प्राध्यापकांनी मला असे कधी म्हटले असते तर बरे झाले असते.

संगणक बंद केला. वायर भिंतीतून काढली. त्यानंतर चालू करण्याचे बटण पाच-सात सेकंद दाबून धरले, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. बाजूच्या पत्र्याचे दोन स्क्रू काढले. आत तेरा वर्षांची धूळ होती आणि कोळ्याचे एक व्यवस्थित घर होते. धूळ मऊ ब्रशने काढली. कार्ड पिशवीतून काढण्याआधी पेटीच्या उघड्या लोखंडाला हात लावायला सांगितले. अंगातली स्थिर वीज, विशेषतः थंडीच्या कोरड्या दिवसांत, आपल्याला जाणवतही नाही आणि कार्डाची चिप मात्र जाळू शकते. मी त्या दिवशी लोकरीची शाल घेतली होती. ती काढून ठेवायला लावली. खाचेच्या समोरची मागची पट्टी काढली. कार्ड कडांना धरले, सोनेरी दातांना बोट लागू दिले नाही, खाचेवर सरळ ठेवले आणि दाबले. गेले असे वाटले.

“बसलं नाही,” तो म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहतच राहिले. त्याने आवाजावरून ओळखले नव्हते. वाकून पाहिले होते. एका टोकाला सोनेरी दातांची बारीक रेघ अजून दिसत होती. काढले, पुन्हा सरळ ठेवले, दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाब दिला. दात दिसेनासे झाले. मग मागचा स्क्रू लावला, कारण वायर ओढली गेली तर कार्ड तिरपे होऊ नये.

शब्दांविषयी थोडे बोलते, तुम्ही मला त्यासाठीच बोलावले आहे. हिंदीत दुकानदार म्हणतो, ‘कार्ड लगा दूँ?’ आपण म्हणतो, ‘बसवून देऊ का?’ लावणे वेगळे, बसवणे वेगळे. दिवा लावतात, तोरण लावतात, लावलेले काढताही येते. बसवतात ते ज्याच्या-त्याच्या जागेवर: घट बसतो, गणपती बसतो, जात्याचा दगड बसतो, नाटक बसते, बोलीतला शब्द तोंडात बसतो. कार्ड बसले की नाही याची खूण या एका क्रियापदात आहे. मी शासकीय परिभाषेच्या विरोधात नाही, पण ‘संस्थापित करणे’ म्हटले असते तर मला वाकून पाहायचे सुचले नसते. माझ्या विद्यार्थ्याने पारिभाषिक कोश उघडलेला नाही. खाच, दात, पट्टी, बसवणे, ताडणे, एवढ्या शब्दांवर त्याने मला एक अख्खे काम शिकवले. पोर्ट आणि ड्रायव्हर हे शब्द जसेच्या तसे घेतले. ते घेतल्याने त्याची मराठी कमी झाली असे मला काही वाटले नाही.

संगणक चालू केला. कार्ड दिसले, ड्राइव्ह नाही. जुन्या विंडोज ७ ला यूएसबी ३.० मुळात ओळखताच येत नाही, त्याला ड्रायव्हर द्यावा लागतो. कार्डाबरोबर ड्रायव्हरची छोटी सीडी आली होती आणि माझ्या संगणकाचा सीडीचा कप्पा उघडत नव्हता. विद्यार्थ्याने मोबाइलवर फाइल उतरवली, पेन ड्राइव्हवर घेतली आणि जुन्या पोर्टमधून आत दिली. म्हणजे नवे दार उघडायची किल्ली जुन्या दारातूनच आली. ड्राइव्ह निळ्या पोर्टला लावला.

टक्, टक्, टक्.

माझ्या पोटात खड्डा पडला. तो मात्र शांत होता. “मॅडम, याले वेगळा करंट लागते. तुमी वायर जोडलीच नाही.” खरेच होते. कार्डावरची विजेची जागा रिकामी होती. पुन्हा सगळे बंद, पुन्हा भिंतीतून वायर, पुन्हा बटण. पेटीतल्या वीजपुरवठ्यातून निघालेल्या वायरींच्या गुंत्यात चार पिनांचे एक रिकामे टोक मागे सरकून गेलेले होते, ते ओढून जोडले. ते टोक तिरक्या कोपऱ्यांचे असते, उलटे जात नाही; जात नसेल तर जोर करू नये. काहीजण जुळत नसलेले टोक जुळवायला स्वस्तातला जोड घेतात. त्यांतले काही गरम होऊन वितळतात, क्वचित पेटतातही. तसला घेऊ नका.

या वेळी घरघर लगेच ऐकू आली. नकल सुरू केली: सेकंदाला १०४ एमबी. आमच्या पेटीतली खाच जुन्या पिढीची, तिची मर्यादाच सेकंदाला २५० एमबी. पण फिरत्या तबकडीचा ड्राइव्ह तिथवर पोचतच नाही, म्हणून अडत नाही. दुपारच्या जेवणाआधी ६१० जीबी उतरले. वीज गेली ती संध्याकाळी.

नकल झाल्यावर तो उठू देईना. ताडून पाहायचे होते. एक प्रोग्राम प्रत्येक फाइलवरून हिशेब करून एक लांबलचक आकडा काढतो. मुळाचा आणि नकलेचा आकडा एक आला तर एक बिटही इकडचे तिकडे झालेले नाही. हे मला फार ओळखीचे वाटले. आपल्या पोथ्यांत अध्यायाच्या शेवटी ओव्यांची संख्या दिलेली असते, ती काही उगीच नव्हे. नकलकाराने एखादी गाळली तर पुढच्याला कळावे म्हणून. इथून रिद्धपूर दूर नाही. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात जमवलेल्या लीळाचरित्राची मूळ पोथी धामधुमीत गेली, ही महानुभाव परंपरेची हकीकत तुम्हाला माहीत आहे. ती पुन्हा उभी राहिली ती ज्यांना पाठ होती त्यांच्या आठवणीतून, आणि म्हणूनच आज तिचे वेगवेगळे पाठ आहेत. आपण वर्गात त्या पाठभेदांवर पेपर काढतो. एकच प्रत होती, हा मुद्दा मात्र मी वीस वर्षांत एकदाही परीक्षेला विचारलेला नाही.

आवाजाचेही तसेच. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीचा, म्हणजे सातवा खंड १९०५ चा. त्यात वऱ्हाडी, नागपुरीचे नमुने छापील आहेत, उधळ्या मुलाची तीच ती गोष्ट निरनिराळ्या बोलींत. पुढे त्याच सर्वेक्षणासाठी ग्रामोफोनच्या तबकड्याही काढल्या गेल्या, आणि शंभर वर्षांनंतर त्या ऐकता येतात. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ यांनी पुण्याहून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या एक लाखाच्या वर आहेत. त्यांनी ओव्या लिहून घेतल्या, आणि त्यांतल्या अनेक गाणाऱ्या बायकांच्या आवाजातही राखल्या गेल्या. हे काम मी प्रबंधाच्या वेळी वाचले होते. वाचून मी कॅसेटी भरल्या. कॅसेटींचे पुढे काय करायचे, तिथे माझे वाचन थांबले.

त्या रात्री मी चौथे प्रकरण शेजारी ठेवून म्हातारीची कॅसेट ऐकली. नंतर आठवडाभर ऐकत होते. मी गृहीत धरले होते की सगळीकडे ‘डोया’ सापडेल आणि माझा निष्कर्ष सरळ उलटा करून लिहिता येईल. तसे झाले नाही. बोलताना ती नेहमी ‘डोया’ म्हणते. गाताना कधी ‘डोया’, कधी स्पष्ट ‘डोळा’. एक ओवी तिने दोनदा गायली आहे, पहिल्यांदा एक, दुसऱ्यांदा दुसरे. माहेरचे आणि सासरचे वळण एकाच गळ्यात होते का? गाण्यातून जुने रूप चालत आले होते का? की समोर ‘मास्तरीणबाई’ बसली आहे म्हणून तिने मधूनमधून शब्द सुधारून घेतले? तिसरी शक्यता मला सर्वांत जास्त सलते. चौथे प्रकरण मी नव्याने लिहिते आहे. त्यात निष्कर्षाऐवजी सध्या तीन प्रश्न आहेत.

नात पुढच्या रविवारी आली. संत्र्याची तोड सुरू होती, तरी आली. तिचा पेन ड्राइव्ह निळ्या पोर्टला लावला आणि नकल होईपर्यंत गाणे लावले. जात्याची घरघर, मग आजीचा आवाज. ती मान खाली घालून ऐकत होती. सातव्या-आठव्या मिनिटाला गाणे अर्ध्यावर राहते, बाहेरून कोणी बाई हाक मारते, पाणी आलं, घागर आण, असे काही. म्हातारी आत बसूनच ओरडून उत्तर देते आणि मग पुन्हा गाऊ लागते. त्या हाकेला पोरीने मान वर केली. “हे मागं घ्या मॅडम.” मी मागे घेतले. पुन्हा ऐकले. “हे माही माय हाय,” ती म्हणाली. तिची आई ती लहान असतानाच गेली होती. तिने ते चार शब्द सहा-सात वेळा ऐकले. गाणे तिने घरी जाऊन ऐकले असेल.

माझ्या वहीत त्या जागी कंसात लिहिले आहे: पार्श्वभूमीत व्यत्यय. प्रबंधात तर तेवढेही नाही.

आता तीन प्रती आहेत. एक सौंसरला माझ्याकडे, एक पांढुर्ण्याला त्या विद्यार्थ्याकडे, एक नागपूरला मुलीकडे. दर सहा महिन्यांनी तिन्ही चालू करून ताडतो. चौथी प्रत एखाद्या संस्थेने घ्यावी अशी इच्छा आहे, पण गाणाऱ्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय ती देणार नाही. उरलेल्या ४१ कॅसेटींपैकी १७ उतरल्या. बाकी २४ अडल्या आहेत, कारण टेपरेकॉर्डरचा पट्टा तुटला आणि त्या मापाचा पट्टा मिळत नाही. सभागृहात कोणाच्या घरी चालू स्थितीतला टेपरेकॉर्डर असेल, तर कृपया चहाच्या वेळी मला भेटावे. वापरून परत करीन.